निष्काळजीपणा कोणाचा?

गावात लाईट गेली की पहिला फोन वायरमनला जातो. फ्यूज उडालेला असो, डीपीवर लोड आलेला असो की वाऱ्याने तारांवर फांदी पडलेली असो, फोन त्यालाच. आमच्या कन्हेरीत काय किंवा बारामतीत काय, जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये त्याचा नंबर 'वायरमन' याच नावाने साठवलेला असतो. त्याचं स्वतःचं नाव कोणी लिहीत नाही. महावितरणने त्याला 'जनमित्र' असं छान नाव दिलं, कागदोपत्री तो तंत्रज्ञ झाला, वरिष्ठ तंत्रज्ञ झाला. पण लोकांसाठी वायरमन तो वायरमनच. फोन लागला की पहिलं वाक्यही ठरलेलं, "कधी येणार लाईट?" तू कुठं आहेस, पाऊस थांबला का, सोबत कोणी आहे का, असं विचारणारा ग्राहक आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

रमजानमध्ये सहेरीच्या वेळी लाईट गेली तर फोन मोहल्ल्यातून जातो, गणपतीत आरतीच्या वेळी गेली तर मंडळातून जातो आणि गव्हाला पाणी चालू असताना गेली तर शिवारातून जातो. या एका बाबतीत आपल्याकडे सगळ्या जातीधर्मांची पक्की एकी आहे! असो. या फोनच्या पलीकडे जो माणूस उभा असतो त्याच्याबद्दल आम्हाला थोडं बोलायचं आहे. तो सरकारी कंपनीचा असेल, ठेकेदाराचा असेल, नाहीतर आपल्याच सहकारी संस्थेचा असेल. त्याचा जीव सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

आमचा तालुका सहकाराचा. माळेगाव आणि सोमेश्वर हे साखर कारखाने आमच्या तालुक्यात, आणि शेजारी इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटतो, म्हणून निवडणुका आल्या की आमच्या गावाचं नाव पेपरात येतं. एरवी गाव उसात आणि पाण्याच्या पाळीत गुंतलेलं असतं. सहकार म्हटलं की इथल्या माणसाला कारखाना, दूध संघ, सोसायटी, पतसंस्था आठवते. पण वीज आणि पाणीसुद्धा सहकारातून देण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं.

१९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याच सुमारास देशात नमुना म्हणून पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. मूळ कल्पना अमेरिकेतली. तिथल्या खाजगी वीज कंपन्यांना लांबलांबच्या शेतांवर तारा नेणं परवडत नव्हतं, म्हणून १९३५ नंतर शेतकऱ्यांनी सरकारकडून कर्ज घेऊन आपापल्या सहकारी वीज संस्था काढल्या. आपल्याकडच्या पाच संस्थांपैकी एक महाराष्ट्रात निघाली, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. दुसरी आपल्या सीमेला लागून, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीला. मुळा-प्रवराचा परवाना संपला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून तिथला वीजपुरवठा महावितरणकडे गेला. हुक्केरीची संस्था मात्र आजही आपल्या सभासदांना वीज पुरवते. या संस्थांची चर्चा होते ती थकबाकीवरून, दरावरून आणि संचालकांच्या निवडणुकीवरून. खांबावर चढणाऱ्या माणसाला धड सेफ्टी बेल्ट मिळतो की नाही, यावरून कुठलं पॅनेल निवडून आलं किंवा पडलं, असं आम्ही कधी ऐकलं नाही.

आमच्या भागात याच जातकुळीची पण लहान संस्था म्हणजे उपसा जलसिंचन सहकारी संस्था. नदीकाठी किंवा धरणाच्या पाणफुगवट्यावर एक जॅकवेल, एक पंपहाऊस, मोठ्या मोटारी, तिथून वर माळापर्यंत पाईपलाईन. ज्यांची जमीन उंचावर आहे असे शेतकरी शेअर घेऊन सभासद होतात आणि पाळीने पाणी घेतात. चेअरमन, संचालक, सेक्रेटरी अशी सगळी उतरंड असते. तिच्या अगदी तळाशी असतो पंपचालक. तो मोटार चालू करतो, बंद करतो, गळती काढतो, फूटव्हॉल्व्ह साफ करतो, केबल जोडतो, आणि रात्री-बेरात्री कोणाची पाळी चुकली तर शिव्याही तोच खातो.

आमच्या घराण्याकडे पूर्वी मुलाणकी होती. आजोबा सांगायचे की बलुतेदाराला मालक एक नसतो, अख्खा गाव मालक असतो. सुगीला खळ्यावर गेलं की वाट्याचं धान्य मिळायचं, पण आजारी पडलं, हात मोडला, तर कोणाच्या दारात जायचं हे ठरलेलं नसायचं. पाटील म्हणायचा गावाने बघावं, आणि गाव म्हणजे तर कोणीच नाही. बलुतं गेलं, सहकार आला, पगाराचं रजिस्टर आलं, शिक्का आला. तरी सगळ्यांचा म्हणून ठेवलेला जो माणूस, त्याची जागा फारशी बदलली नाही असं आम्हाला वाटतं. असं का वाटतं, ते आमच्या मामूंच्या गोष्टीवरून सांगतो.

मामू इंदापूर तालुक्यात उजनीच्या काठावरच्या एका गावात राहतात. तिथल्या एका उपसा सिंचन संस्थेत ते बरीच वर्षं पंपचालक होते. संस्थेचं नाव सांगत नाही. उजनीच्या पाणफुगवट्यावर अशा पुष्कळ संस्था आहेत, आणि जे या संस्थेत घडलं ते दुसरीकडेही घडू शकलं असतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पोटात ११७ टीएमसी पाणी मावणारं हे धरण. पावसाळ्यात पाणी पंपहाऊसच्या पायरीला लागतं, आणि उन्हाळ्यात तेच पाणी मैलभर मागे सरकतं. मग शेतकरी चर खोदतात, मोटारी पाण्याच्या मागे नेतात, केबलला केबल जोडत जातात. काठावरून पाहिलं तर गाळात काळ्या वायरींचं जाळं पसरलेलं दिसतं.

२०१६ चा उन्हाळा आठवा. उजनी मृतसाठ्याच्याही खाली गेली होती. ऊस वाळत चालला होता. शेतीला आठवड्याच्या चक्राने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळायची. त्या आठवड्यात रात्रीची होती. केबलच्या एका जोडाला गुंडाळलेली टेप गाळात भिजून सुटली होती आणि मोटार पुन्हा पुन्हा ट्रिप होत होती. मामूंनी पंपहाऊसमध्ये स्टार्टर बंद केला, सोबतच्या पोराच्या हातात बॅटरी दिली आणि दोघं खाली गाळात उतरले. जोड उघडून नवी टेप लावायची, दहा-पंधरा मिनिटांचं काम.

तेवढ्यात ज्यांची पाळी होती ते सभासद वर पंपहाऊसवर आले. मोटार बंद दिसली. लाईट तर आहे, मग मोटार बंद का? त्यांना वाटलं, पंपचालक झोपला. दार उघडंच होतं. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मामूंच्या घरी ईदला शीरखुर्मा प्यायला येणारे, मामूंच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहिलेले. त्यांचा ऊस वाळत होता आणि लाईट किती वेळ टिकेल याचा भरवसा नव्हता, एवढंच.

मामू वाचले. शॉकने बाजूला फेकले गेले, म्हणून वाचले असं डॉक्टर म्हणाले. उजवा तळहात भाजला, दोन बोटं काढावी लागली. ते तीन महिने घरात होते. संस्थेने दवाखान्याचं बिल भरलं, दोन पगार घरी पाठवले. चेअरमन स्वतः फळं घेऊन भेटायला आले. हे सगळं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

पण एक गोष्ट फळं घेऊन आलेल्या कोणाला दिसली नाही. हाताची जखम भरली तरी मामू विजेच्या बटणाला हात लावेनात. पंखा लावायचा तर मामींना हाक मारायचे. रात्री मोटारीचा आवाज ऐकू आल्यासारखं होऊन दचकून उठायचे. मामी त्यांना दर्ग्यावर घेऊन गेल्या, कोणी ताईत दिला, कोणी नजर उतरवली. हाताचं ड्रेसिंग करायला नर्स होती, पण मनात बसलेल्या भीतीचं ड्रेसिंग करायचं असतं हे कोणाच्या गावीही नव्हतं. शेवटी आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की एवढ्या मोठ्या अपघातानंतर असं होतं, यात भित्रेपणा नाही, यावर उपचार आहेत. 'यात भित्रेपणा नाही' हे शब्द ऐकल्यावर मामूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तोपर्यंत ते स्वतःला भित्रा समजत होते.

त्यांना पुन्हा कामावर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही संस्थेच्या कार्यालयात गेलो. घरात शिकलेले म्हणून अर्ज-विनंत्या लिहिण्याचं काम आमच्याकडेच असतं. उर्दू शिकवतो, पण मराठी अर्जात आमचा हात चांगला बसलेला आहे. सेक्रेटरींनी प्रोसिडिंग बुक दाखवलं. अपघातानंतरच्या मासिक सभेचा ठराव असा होता : पंपचालक यांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघातापोटी संस्थेने माणुसकीच्या दृष्टीने खर्च केला, त्यास मंजुरी देण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.

निष्काळजीपणा! तो शब्द आम्ही दोनदा वाचला. स्टार्टर बंद करून खाली उतरलेल्या माणसाचा निष्काळजीपणा? पंपहाऊसला कुलूप नव्हतं. पॅनेलला कुलूप नव्हतं. 'काम चालू आहे, बटण दाबू नये' अशी साधी पाटी नव्हती. रबरी हातमोजे कधी काळी आणले होते, ते कपाटात चिकटून बसले होते. यातलं काही कोणाच्या निष्काळजीपणात मोडत नव्हतं. आणि हिरवं बटण कोणी दाबलं हा प्रश्न तर सभेत आलाच नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि उत्तर देणारे सगळे शेजारी होते.

कायदा काय म्हणतो तेही आम्ही पाहिलं. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई देणं मालकाचं कर्तव्य आहे, हे या देशात १९२३ सालच्या कायद्यापासून मान्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण तत्त्व तेच राहिलं. भरपाई हा हक्क आहे. 'माणुसकीच्या दृष्टीने' हे शब्द तिथे बसत नाहीत. आम्ही मामूंना म्हणालो, दाद मागू या. मामू म्हणाले, "बेटा, जिनके साथ जीना-मरना है, उनपे केस डालूँ क्या?" या प्रश्नाला आमच्या बी.एड.च्या शिक्षणात उत्तर नव्हतं. खाजगी मालकावर केस करणारा कामगार रात्री आपल्या घरी जाऊन झोपतो. सहकारी संस्थेच्या कामगाराचा मालक त्याच्या शेजारच्या घरात झोपलेला असतो.

मग सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आली. तीत मांडायला आम्ही अर्ज दिला. मागण्या तीनच होत्या. प्रोसिडिंगमधला तो शब्द काढावा. पॅनेलला कुलूप लावून किल्ली फक्त पंपचालकाकडे असावी. हातमोजे, गमबूट आणि पॅनेलपुढे टाकायची रबरी मॅट आणावी. सभेत थोडा गोंधळ झाला. एक जण म्हणाले, किल्ली एकाकडेच राहिली तर पाळीच्या वेळी त्याला कुठं शोधायचं? दुसरे म्हणाले, इतकी वर्षं मोज्यांशिवायच चाललं होतं की. चेअरमन शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही मालकाला जबाबदार धरताय. पण इथं मालक कोण आहे? आपण सगळेच."

ते चेष्टेने बोलले नव्हते. सहकाराच्या पुस्तकात हेच लिहिलेलं आहे आणि ते खरंही आहे. पण मालकी सगळ्यांची असेल तर सुरक्षिततेची जबाबदारीसुद्धा सगळ्यांची व्हायला हवी. प्रत्यक्षात नफा वाटून घेताना सगळे मालक असतात, पाळीवरून भांडताना सगळे मालक असतात, आणि हातमोज्यांचा विषय निघाला की मालक सापडत नाही. आजोबा बलुत्याबद्दल सांगायचे ते हेच.

सभेचा निकाल असा लागला : शब्द काढायला नकार मिळाला, कारण एकदा मंजूर झालेलं प्रोसिडिंग बदलता येत नाही म्हणे. पण खाली नवा ठराव झाला. यापुढे पॅनेल कुलूपबंद राहील, लाईनवर किंवा केबलवर काम करताना किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहील, आणि साहित्य दिवाळीपूर्वी आणलं जाईल. विशेष म्हणजे या ठरावाला अनुमोदन दिलं ते हिरवं बटण दाबणाऱ्या त्या गृहस्थांनी. ते उभे राहिले, सूचकाचं नाव संपायच्या आत "अनुमोदन" म्हणाले आणि खाली बसले. बाकी काही बोलले नाहीत.

आम्ही घरी येऊन मामूंना सांगितलं की शब्द राहिला. मामू म्हणाले, "लफ्ज रहने दो. कुलूप आया ना?"

मामूंचं समाधान झालं, पण आमचं झालं नाही, हे मोकळेपणाने सांगतो. कुलूप महत्त्वाचंच. कारखान्यांत आणि वीज केंद्रांत हाच नियम असतो : पुरवठा बंद करा, कुलूप घाला, पाटी लावा, टेस्टरने तपासा, मग तार अर्थ करा आणि नंतरच हात लावा. लाईनवर काम करणारे त्याला परमिट घेणं म्हणतात. ज्याने परमिट घेतलं तो स्वतः येऊन परत करत नाही तोवर लाईन चालू करायची नाही. एवढं करूनही धोका उरतो. कोणीतरी घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असतो आणि बंद लाईनमध्ये उलट्या बाजूने करंट येतो. कोणी आकडा टाकलेला असतो. हे नियम इतके कडक का आहेत हे ज्याला कळतं तो त्यांचा कंटाळा करत नाही. पण शब्दही महत्त्वाचा असतो. 'निष्काळजीपणा' असं एकदा लिहिलं की चौकशी तिथेच संपते. ज्याला शॉक लागला तोच दोषी ठरतो आणि बाकीचे घरी जातात. मग पुढच्या वेळी तोच अपघात दुसऱ्या माणसाला होतो.

शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही विजेचा पाठ शिकवतो. मराठीत ज्याला सुवाहक म्हणतात त्याला उर्दूत 'मूसिल' म्हणतात. मूसिल म्हणजे पोचवणारा. दुर्वाहक तो गैरमूसिल. तांबं मूसिल, लाकूड गैरमूसिल, रबर गैरमूसिल, अशी यादी फळ्यावर चालू होती. एका मुलाने हात वर केला. "सर, आदमी मूसिल है क्या?" वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही, कारण त्याचे वडील ठेकेदाराकडे लाईनवर काम करतात, हे आम्हाला माहीत होतं.

आम्ही त्या दिवशी पाठ बाजूला ठेवून मुलांना हिशेब घालून दिला. जुना झिरोचा बल्ब प्रत्यक्षात १५ वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो साधारण ६५ मिलीअँपिअर करंट घेतो. माणसाच्या छातीतून एवढा करंट काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणूनच घरात बसवायचं चांगलं संरक्षक यंत्र, ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात, ते ३० मिलीअँपिअरची गळती झाली की लाईन तोडतं. कोरड्या कातडीतून करंट सहज शिरत नाही, पण घामाने किंवा पावसाने भिजलेला माणूस चांगला मूसिल होतो. आणि वायरमनला बोलावणं येतं ते पावसातच. रबरी हातमोजा घालायच्या आधी त्याचं तोंड पिळून आत हवा कोंडून बघावी लागते, कारण सुईएवढं भोकही पुरेसं असतं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "सर, मैंने अब्बा के मोजे फुगा के देखे. एक में से हवा जाती थी." सातवीच्या पोराने जे तपासलं, ते तपासायला पगारी माणूस नेमलेला असतो.

शॉक हा एकच धोका असता तरी पुरे होता. पण विजेच्या नोकरीत दुसराही धोका आहे, माणसांच्या रागाचा. आमच्याच तालुक्यात, अष्टविनायकांतल्या पहिल्या गणपतीच्या मोरगावात, २४ एप्रिल २०२४ रोजी महावितरणच्या कार्यालयात कामावर असलेल्या एका महिला तंत्रज्ञावर एका ग्राहकाने कोयत्याने वार केले. त्यात त्या गेल्या. कारण काय, तर ५७० रुपयांचं वीजबिल. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कोणी डबा धड खाल्ला नाही. विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो. कडक उन्हाळ्यात पंखे दिवसरात्र चालले की युनिट वाढतात. यातलं काहीही त्या बाईंच्या हातात नव्हतं. पण खिडकीपलीकडे त्या बसलेल्या होत्या, हाताशी सापडणाऱ्या त्याच होत्या.

महावितरण ही सहकारी संस्था नव्हे, सरकारी कंपनी आहे. मामूंच्या संस्थेतलं हिरवं बटण आणि मोरगावातला कोयता यांची तुलनाही करता येणार नाही. एक घाई होती, दुसरी हत्या. तरी दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. ज्या माणसाने सेवा द्यायची त्याला आपण माणूस म्हणून पाहत नाही, तो आपल्याला यंत्राचाच भाग वाटतो. यंत्र थांबलं की आपण बटण दाबतो, आणि यंत्राने जास्त पैसे मागितले की त्याला लाथ मारतो.

जगात सगळीकडेच हे काम जिवावरचं मानलं गेलं आहे. अमेरिकेत १८९१ साली सेंट लुईस शहरात वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाईनमन होते. गावोगाव फिरून त्यांनी संघटना बांधली आणि १८९६ साली वॉशिंग्टनमध्ये लाईनवर काम करत असताना शॉक लागून, खाली पडून ते गेले. सुरक्षितता मागणारा माणूससुद्धा तारेवरून सुटला नाही. आपल्याकडे आता ४ मार्चला लाईनमन दिवस पाळतात. त्या दिवशी हार-तुरे होतात, शपथ होते. हे चांगलंच आहे. पण हार गळ्यात पडतो आणि मोजे हातात असावे लागतात.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी जे कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. उपसा सिंचन असो, पाणीपुरवठा असो, कारखाना असो की दूध संघ, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी पॅनेलपुढे उभा असतो. वार्षिक सभेत आपण लाभांश विचारतो, उसाचा दर विचारतो. त्याच सभेत आणखी काही विचारावं. वर्षभरात हातमोजे किती आणले आणि ते कोणी तपासले? पॅनेलला कुलूप आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते? रात्रपाळीला माणूस एकटा असतो की दुकटा? कामावर असलेल्याचा विमा आहे का, आणि ठेकेदाराच्या माणसाचाही आहे का? मागच्या वर्षी कोणाला इजा झाली असेल तर प्रोसिडिंगमध्ये कारण काय लिहिलं? आणि त्या माणसाला नंतर रात्री झोप लागते का, हे कोणी जाऊन विचारलं का?

हे प्रश्न विचारायला वक्ता असावं लागत नाही, की पुढारीही असावं लागत नाही. शेअरचा दाखला पुरेसा आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत सभेची नोटीस येते. तिच्यावर विषयांची यादी असते आणि सगळ्यात शेवटी एक विषय छापलेला असतो, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तो विषय येईपर्यंत निम्मे लोक चहाला उठलेले असतात. या वर्षी तेवढा वेळ बसून राहावं.